मोटारींत पाणी कां सांचतें?

लातूर जिल्ह्यांतील रेणापूर हें रेणुकादेवीच्या देवळाचें, तालुक्याचें गांव. शेजारच्या लातूर शहरास २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. अशा मुलखांत मोटारीमध्यें पाणी सांचल्याची तक्रार ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु मे महिन्यांत जिच्यांत टिपूसही दिसला नाहीं, त्याच मोटारीच्या मालकास पावसाळ्यांत चालकाशेजारच्या आसनापुढील गालिचा ओलाचिंब झालेला आढळतो. वळणावर पुढील फळीमागें पाणी डचमळल्याचा आवाज येतो, आणि शीतयंत्र निकामी झालें, आतां मोठा खर्च आला, अशी धास्ती पडते.

हें पाणी हवेंतून येतें. तीस अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम बाष्प धारण करूं शकते. तीच हवा दहा अंशांपर्यंत थंड केली, तर तिच्यांत ९ ग्रॅमच्या आसपासच बाष्प मावतें. उरलेलें पाणी होऊन बाहेर पडतें. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून थेंब सुटतात, ते याच नियमानें. अमेरिकेंत विलिस कॅरिअर यांनीं १९०२ सालीं ब्रुकलिन येथील छापखान्यासाठीं जी योजना आंखली, तिचा हेतु मुळीं माणसांस गारवा देण्याचा नव्हता. दमट हवेनें कागद फुगून छपाईचे रंग सरकत, म्हणून हवेंतील ओल काढावयाची होती. तेव्हां पाणी काढणें हा या यंत्राचा दोष नसून तो त्याचा मूळ धर्म होय. प्रश्न एवढाच, कीं तें पाणी जातें कोठें?

मोटारींत पुढील फळीमागें एक थंड जाळी असते. कारागीर तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यावरील थेंब खालच्या पन्हळींत उतरतात आणि बोटाएवढ्या रबरी नळीवाटे गाडीखालीं रस्त्यावर पडतात. उन्हाळ्यांतील धूळ, पाल्याचा चुरा किंवा काळ्या मातीचा चिखल या नळींत अडकूं शकतो. कोरड्या हवेंत पाणीच थोडें निघत असल्यानें हा अडथळा लपून राहतो; दमट दिवस येतांच पन्हळ भरून पाणी आंत उतरतें.

म्हणून प्रथम पाण्याची परीक्षा करावी. तें स्वच्छ व वासहीन असेल, तर बहुधा शीतयंत्राचें. तें रंगीत, बोटास चिकट आणि गोडसर वासाचें असेल, तर इंजिन थंड राखणारें कूलंट झिरपत आहे असें समजावें. तें विषारी असतें, शिवाय तें घटल्यास इंजिन तापून निकामी होतें. अशी गाडी पुढें न दामटतां कारागिरास दाखवावी. शीतयंत्र बंद असतांनाही केवळ पाऊस पडल्यावर ओल येत असेल, तर दोष काचेच्या किंवा दाराच्या रबरांत शोधावा.

दमट दिवशीं गाडी उघड्या जागीं उभी करून शीतयंत्र पंधरावीस मिनिटें चालवावें. बंद खोलींत हें कधींही करूं नये. इंजिनाचा धूर प्राणघातक असतो. गाडीखालीं पाणी ठिबकलें नाहीं, तर नळी तुंबली आहे किंवा आंतल्या बाजूस निसटली आहे. इंजिन बंद करून निवूं द्यावें. बहुतेक गाड्यांत इंजिन व बैठक यांमधील लोखंडी पडद्याच्या खालच्या अंगास या नळीचें टोंक सांपडतें. बोथट, मऊ प्लॅस्टिकची पट्टी थोडीशी आंत सरकवून हलकेच फिरवावी. बहुधा कोंडलेलें पाणी भस्सकन बाहेर येतें. टोंकदार तार खोल खुपसल्यास जाळीस भोंक पडण्याचें भय असतें, आणि पंक्चरवाल्याकडील जोराच्या हवेनें नळीचा सांधा सुटूं शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कोणीही शिरूं नये.

नळी मोकळी असूनही पाणी येत असेल आणि हवेचा झोत मंदावला असेल, तर हवेची गाळणी काढून पाहावी. ती धुळीनें भरली किंवा यंत्रांतील गॅस कमी झाला, म्हणजे जाळीवर बर्फ धरतें. तें वितळतांना पाणी पन्हळीबाहेर सांडूं शकतें. गाळणी घरींही बदलतां येते. गॅसचें काम मात्र माहितगारावरच सोंपवावें. केवळ पाणी दिसलें म्हणून गॅस भरून घेणें हा पैशाचा अपव्यय होय.

नळी मोकळी झाल्यानें काम संपत नाहीं. वरून सुकलेल्या गालिच्याखालचा जाड थर कित्येक दिवस ओला राहतो. त्यांत बुरशी धरते, पत्र्यास गंज चढतो आणि तेथून गेलेल्या विजेच्या तारांचे जोड कुजतात. यास्तव गालिचा उचलून, खालचा थर उन्हांत पुरता वाळवूनच पुन्हां बसवावा. मृगापूर्वीं जसें घरावरील पन्हाळीं साफ करून घेण्याची चाल आहे, तशीच या लहानशा नळीचीही आठवण दर वर्षीं ठेवावी. काम अर्ध्या घटकेचें आहे.