आधी चतकोर

 

स्कीच्या या संमेलनात अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो थोडक्यात असा. गुलमर्गच्या बर्फाचा भरवसा उरलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये ऐन हंगामात तिथले उतार कोरडे होते, आणि 2025 मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. हंगाम आखूड झाला की सगळ्यांनाच घाई होते: शिकणाऱ्याला, शिकवणाऱ्याला आणि प्रशिक्षक तयार करणाऱ्यालाही. प्रशिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला बसण्याआधी माणसाला स्की किती यायला हवे, या प्रश्नावर कालच्या परिसंवादात जी खडाजंगी झाली, तिच्या मुळाशी ही घाईच आहे. आढावा इथेच थांबवलेला बरा. या एका प्रश्नावर या अध्यक्षाच्या मनात अनेक वर्षे साचलेले आज बोलायचे आहे.

काल दोन तट पडले. एक फ्रान्सच्या बाजूचा. तिथे शिक्षण सुरू होण्याआधीच घड्याळ समोर येते: खांबांमधून वळणे घेत ठरावीक वेळेत खाली या, मगच पुढचे बोला. पुढे सर्वोच्च पातळी गाठायची तर युरोटेस्ट आहे. जायंट स्लॅलमच्या या धावेत पुरुषाला ठरवून दिलेल्या आधारवेळेपेक्षा फार तर 18 टक्के आणि स्त्रीला 24 टक्के जास्त वेळ घेता येतो. दुसरा तट कॅनडाचा. तिथली प्रशिक्षकांची संघटना 1938 पासून काम करते आणि तिचा पहिला टप्पा तीन दिवसांचा आहे. मध्यम उतारावर नीट, काबूत राहून उतरणारा कोणीही त्याला बसू शकतो. ब्रिटिशांचा पहिला टप्पा पाच दिवसांचा, आणि त्यालाही शर्यतपटू असावे लागत नाही.

एक म्हणतो दार अरुंद हवे, दुसरा म्हणतो उघडे हवे. दोघांचेही आपापल्या देशात बरोबर आहे. शामोनीच्या खोऱ्यातले मूल नीट बोलायला लागण्याच्या वयात स्कीवर उभे राहते. महाराष्ट्रातला मुलगा बर्फ पाहतो तोच विशीत, आणि तेही दोन आठवड्यांच्या बेसिक कोर्ससाठी पैसे जमवून, रेल्वेच्या दोन गाड्या बदलून. त्याच्यासमोर फ्रान्सचे घड्याळ ठेवले तर इथून एकही प्रशिक्षक तयार होणार नाही. पण म्हणून दार सताड उघडे टाकावे, हेही या अध्यक्षाला मान्य नाही. त्याला कारण आहे.

गोष्ट त्याच्या स्वतःच्या पहिल्या हंगामाची. पुण्याचा मुलगा, बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्कीवर उभा राहिलेला, सव्विसाव्या वर्षी एका संस्थेत प्रशिक्षणाच्या निवडीसाठी गेला. निवड म्हणजे काय, तर सर्वांत उभ्या उतारावर नेले आणि खाली या म्हणाले. तो आला, पडला नाही, निवडला गेला. अभ्यासक्रमही असाच पार पडला. मग नऊ जणांचा पहिला वर्ग हाती आला. त्यात सोलापूरच्या एक शिक्षिका होत्या, पन्नाशीच्या, जिद्दी. चौथ्या दिवशी एका लहानशा उतारावर त्यांचा वेग वाढला. “थांबव रे मला!” त्या ओरडल्या. प्रशिक्षक धावला, पण त्यांच्या शेजारून, त्यांच्याच वेगाने, हात धरता येईल इतके जवळून उतरणे त्याला येत नव्हते. तो त्यांच्यापुढे निघून गेला आणि वीस मीटर खाली जाऊन थांबला. “काकू, बसून घ्या, बसा!” खालून ओरडण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरले नव्हते. काकू बसल्या नाहीत, पडल्या. बूट स्कीतून सुटला नाही आणि गुडघा पिळला.

स्कीवर खाली जायला क्षण लागतो. वर यायला उताराला आडवे उभे राहून एकेक पाऊल टाकावे लागते, वीत-वीतभर. ते वीस मीटर चढताना तो त्यांचा चेहरा पाहत होता आणि त्या त्याच्याकडे. तो पोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “तू पुढे का गेलास रे?”

पुढे का गेला? तर हळू उतरणे त्याला कधी कोणी विचारलेच नव्हते.

हळू उतरणे सोपे असते, हा मोठा गैरसमज आहे. वेगात वळण घेताना शरीर बाहेर फेकले जाते आणि बाहेरच्या स्कीवर आपोआप भार पडतो. अर्धे काम वेगच करतो, चूकही तोच झाकतो. स्नोप्लाऊमध्ये, म्हणजे टोके जवळ आणि शेपट्या लांब ठेवून चालण्याच्या गतीने उतरताना, ही मदत नसते. दोन्ही आतल्या कडा सारख्याच बर्फात रुतायला हव्यात, कोन कायम राहायला हवा, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. जरा मागे झुकले की स्की पळतात, एका पायावर भार गेला की माणूस तिकडे वळतो. आणि समोर नऊ जण डोळे लावून उभे असतात. शिकवणाऱ्याने केलेली चूक नऊच्या नऊ जण बिनचूक उचलतात.

जगभरच्या उतारांवर मुलांना या आकाराला पिझ्झा म्हणायला शिकवतात. हा अध्यक्ष मराठी मुलांना “चतकोर कर” म्हणतो. भाकरीचा चतकोर पोरांना लगेच कळतो: टोक पुढे, रुंद बाजू मागे. मोठा चतकोर केला की थांबायचे, लहान केला की सरकायचे.

ऑस्ट्रियाच्या सेंट आन्टोनला 1921 मध्ये हानेस श्नायडरने आपली शाळा काढली आणि स्की शिकवण्याची पायरीपायरीने जाणारी रीत घालून दिली. त्या रीतीची पहिली पायरी स्नोप्लाऊच होती. शंभर वर्षे उलटली, स्कीचा आकार बदलला, तंत्र बदलले. तरी नवखा माणूस बहुतेक ठिकाणी आजही तिथूनच सुरुवात करतो. मग शिकवणाऱ्याची परखही तिथेच का होऊ नये? कॅनडा आणि ब्रिटनच्या अभ्यासक्रमांत हे प्रात्यक्षिक करून घेतात, ते खरे. पण उमेदवार येतो तो उभे उतार घोटून. चतकोर त्याला अभ्यासक्रमाला आल्यावर, घाईघाईत शिकवावा लागतो.

काल एका मित्राने विचारले, मग शर्यतीतला मुलगा वाईट प्रशिक्षक होतो काय? मुळीच नाही. पण काही वर्षांपूर्वी निवडीला दोघे एकदम आले होते. एक लहानपणापासून शर्यती धावलेला, दुसरी नाशिकची, केवळ चार हंगाम झालेली. दोघांना एकच काम दिले: एका नवख्याच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलटे चतकोरात उतरायचे आणि खाली पोचल्यावर त्याची एक चूक सांगायची. मुलगा सफाईने उतरला, पण त्याची नजर सारखी आपल्या शेपट्यांकडे जात होती. खाली तो म्हणाला, “ठीक होता.” ती अडखळत उतरली आणि म्हणाली, “उजव्या नडगीत आणि बुटात दोन बोटे फट आहे, म्हणून डावीकडे वळताना घाबरतो.” त्या वर्षी तिची निवड झाली. मुलगा पुढच्या वर्षी तयारी करून आला आणि आज तो चांगला प्रशिक्षक आहे.

मग पातळी कोणती? मध्यम उतारावर, सकाळच्या टणक बर्फात आणि दुपारच्या भिजक्या बर्फातही, दोन्ही स्की समांतर ठेवून सलग वळणे. दोन्ही बाजूंना आडवे घसरत उतरता येणे. सांगितलेल्या जागी थांबता येणे. आणि कुठल्याही वेगात, विशेषतः अगदी हळू, स्वतःच्या पायांचा विचार न करता दुसऱ्याकडे पाहता येणे. एवढे ज्याला जमते त्याने यावे. काळ्या खुणेचे, म्हणजे सर्वांत अवघड, उतार त्याला नंतर शिकवता येतील.

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांना यात नवल वाटू नये. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्हींत ‘ए’ श्रेणी असल्याशिवाय प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला बसता येत नाही, आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. स्कीलाही अशी स्पष्ट अट हवी. फक्त ती उताराच्या चढत्या अंशांवर बेतलेली नको.

अध्यक्षाने काही कामे हाती घ्यावीत, अशी अपेक्षा असते. मराठीत एक लहान पुस्तिका व्हावी, चांगल्या प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती जमवाव्यात, निवडीसाठी एक समिती नेमावी. तपशील कार्यकारिणी ठरवेल.

एक विनंती मात्र आजच. येत्या जानेवारीत जे उमेदवार गुलमर्गला जातील, त्यांनी पहिल्या सकाळी गोंडोलाच्या रांगेत लागण्याआधी खालच्या मैदानावर पन्नास पावले चतकोरात उतरून पाहावीत, बरोबरच्या कोणाला तरी शेजारून चालायला सांगून. चालणारा मागे पडत असेल, तर यंदा अर्ज भरू नये. तो हंगाम हळू उतरायला शिकण्यात घालवावा.