इंजिनाचा श्वास आणि हवेचा हिशेब



जामसांवली म्हटले की पहुडलेल्या मुद्रेतील हनुमानाचे स्मरण होते. सौंसर-पांढुर्णा हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिलेला मराठीभाषक मुलूख. २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. मंगळवारी आणि शनिवारी नागपूर, छिंदवाडा या बाजूंनी भाविकांच्या मोटारी या देवस्थानाकडे येतात. हनुमान हा वायुपुत्र, आणि त्याच्या दर्शनाला येणारे वाहनही निम्मेअधिक वायूवरच चालते. ही कोटी नव्हे, साधे गणित आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा. पेट्रोलचा भाव सर्वांच्या तोंडी असतो. हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी विचारत नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच हिशेब आहे.

इंजिनात येणारी हवा एका नळीतून येते आणि पुढे तिच्या शाखा होऊन प्रत्येक सिलिंडरकडे जाते. या शाखायुक्त नळीला गॅरेजमधील कारागीर ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात. तिचे काम वाटपाचे आहे. या परिसरातील संत्र्याच्या बागायतदाराला वाटपाची अडचण समजावून सांगावी लागत नाही. विहिरीचे पाणी पाटाने सोडले की तोंडाजवळच्या झाडाचे आळे भरून वाहते आणि टोकाचे झाड तहानलेले राहते. मॅनिफोल्डमध्ये हेच घडते, मात्र अतिशय वेगाने. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार-फेरी इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर सेकंदात २५ वेळा श्वास घेतो. दट्ट्या वरून खाली येऊन हवा ओढतो, त्या एका श्वासाला सेकंदाचा अवघा शंभरावा भाग मिळतो. एका सिलिंडरची झडप मिटत असते, तेव्हा दुसऱ्याची उघडत असते, आणि हवेला दर वेळी दिशा बदलावी लागते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. झडप उघडून हवा ओढली गेली की नळीत विरलतेची एक लहर उठते. ती ध्वनीच्या वेगाने मागे जाते आणि रुंद भागाशी पोहोचून दाबाची लहर होऊन परतते. नळीची लांबी ४० सेंटिमीटर असेल, तर या जाण्यायेण्यास सेकंदाचे सुमारे दोन-अडीच सहस्रांश लागतात. झडप मिटण्यापूर्वी योग्य क्षणी दाबाची लहर पोहोचली, तर थोडी अधिक हवा आत ढकलली जाते. अवेळी पोहोचली, तर तोटा होतो. लांब नळ्या मंद गतीला अनुकूल असतात आणि आखूड नळ्या तीव्र गतीला, याचे कारण हेच.

वाटप चुकले तर काय बिघडते? ज्या सिलिंडरला हवा कमी पडते, त्यात इंधन अर्धवट जळून विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ज्याला हवा अधिक मिळते, त्याच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे शुद्धीकरण नीट होत नाही. भारतातील चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र सक्तीचे झाले, आणि २०२० च्या एप्रिलपासून भारत-६ ही कठोर मानके देशभर लागू झाली. मिश्रणाचे मापन करणारा संवेदक बहुधा सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर बसवलेला असतो. एक सिलिंडर उपाशी आणि दुसरा अजीर्ण झालेला असला, तरी सरासरी बरोबर दिसू शकते. सरासरीआड लपलेला हा अन्याय शोधायचा, तर प्रत्येक नळीतील हवेची वाटचाल जाणून घ्यावी लागते.

पूर्वी त्यासाठी एकच मार्ग होता. मॅनिफोल्ड ओतायचा, चाचणीमंचावर बसवायचा, मोजमाप घ्यायचे आणि पुन्हा नवा ओतायचा. प्रवाहाची समीकरणे तर जुनीच होती. फ्रान्सच्या नाविए यांनी ती १८२२ मध्ये मांडली आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्यांना पक्के रूप दिले. परंतु ती सोडवणे दुष्कर आहे. त्रिमितीत त्यांची उत्तरे सदैव सुरळीत राहतात की नाही, या प्रश्नाच्या निकालासाठी अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. म्हणून अभियंते नळीतील पोकळीचे लाखो लहान कप्पे कल्पितात आणि प्रत्येक कप्प्याचा हिशेब संगणकाकडून मांडून घेतात. हिशेबाचे नियम दोन : आत आलेली हवा बाहेर गेलेल्या आणि साठलेल्या हवेइतकी असली पाहिजे, आणि वेगातील बदल त्यावर पडणाऱ्या बळांशी जुळला पाहिजे.

येथेच मोठी अडचण उभी राहिली. हवेचा वेग काढण्यासाठी दाब ठाऊक हवा, आणि प्रवाहाच्या अनेक प्रश्नांत दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. दाब तो घ्यायचा, ज्याच्यामुळे हवेची जमाखर्ची जुळेल. मात्र जमाखर्ची वेग समजल्यावाचून तपासता येत नाही.

हा पेच सोडवण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे, ते डॉ. सुहास पाटणकर पुण्याचे. त्यांचा जन्म १९४१ चा. १९६२ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, १९६४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९६७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली. तेथे प्रा. ब्रायन स्पाल्डिंग हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९७२ मध्ये या गुरुशिष्यांनी एका शोधनिबंधात ही रीत प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘सिम्पल’ हा शब्द होतो, आणि तिचा गाभा खरोखरच सोपा आहे.

प्रथम दाबाचा अंदाज करावा. त्या अंदाजाने वेग काढावेत. मग प्रत्येक कप्प्याची जमाखर्ची तपासावी. ती अर्थातच जुळत नाही. कोठे हवा विनाकारण साठते, कोठे नाहीशी होते. जेथे साठते तेथील दाब वाढवावा, जेथे तूट येते तेथील घटवावा, त्यानुसार वेग सुधारावेत आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. दुरुस्ती एकदम पूर्ण मापाने न करता काहीशी आखडत्या हाताने करावी, नाहीतर गणित एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावत जाते. शेकडो फेऱ्यांनंतर तफावत नगण्य होते. पाट सोडून, टोकाच्या आळ्यापर्यंत चक्कर मारून, फावड्याने थोडी माती इकडची तिकडे करणारा बागायतदार याहून वेगळे काही करत नाही. संगणक चुकतो, चूक मोजतो आणि चुकीच्या मापाने स्वतःला सुधारतो. पाटणकरांच्या रीतीने या चुकण्याला शिस्त लावली.

या रीतीचा विस्तार पुढे दाबल्या जाणाऱ्या वायूंनाही लागू झाला. इंजिनातील ज्वलनाच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेने १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘किवा-२’ या आज्ञावलीत तिचेच एक रूप योजलेले आहे. २००४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘ओपनफोम’ या आज्ञावली-संचातील एका भागाचे नावच ‘सिम्पलफोम’ आहे.

तथापि येथे एका सावधगिरीची आवश्यकता आहे. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी रंगीत चित्रे इतकी मोहक असतात की ती प्रत्यक्षाची छायाचित्रेच वाटावीत. ती तशी नसतात. कप्पे फार मोठे घेतले, तर वळणावरचे भोवरे निसटतात. नळीच्या मुखाशी दाब चुकीचा गृहीत धरला, तर पुढचे सारे गणित त्या चुकीवर बिनचूक उभे राहते. प्रवाहातील खळबळीची प्रतिमाने तर अद्यापि अनुभवाने ठरवलेल्या अंकांवर विसंबून असतात. जमाखर्ची जुळली म्हणजे गणित सुटले एवढेच सिद्ध होते. प्रश्न योग्य विचारला होता की नाही, याचा निर्णय अखेर चाचणीमंचावरच होतो. संगणकामुळे दहा ओतीव नमुन्यांऐवजी दोनच करावे लागतील, पण त्या दोहोंची परीक्षा टळत नाही.

शेवटी ग्रंथालयाच्या या शताब्दीप्रसंगी एक गोष्ट विशेष नमूद केली पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करत असताना पाटणकरांनी १९८० मध्ये या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो जेमतेम दोनशे पानांचा आहे. त्यात पांडित्याचा आव नाही. नवख्या विद्यार्थ्याने स्वतः आज्ञावली लिहावी आणि ती का चालते हे त्याला कळावे, हाच हेतू दिसतो. जगभरच्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर शिकल्या. ही रीत कुलुपात ठेवली गेली असती, तर ती एका कारखान्याची मिळकत झाली असती. ती छापली गेली, म्हणून सर्वांची झाली. ज्ञानाच्या वाटपातही मॅनिफोल्डचाच प्रश्न असतो. मुखाशी असलेल्या महानगरांना ते भरभरून मिळते आणि टोकाच्या गावापर्यंत पोहोचताना त्याचा ओघ क्षीण होतो. टोकाच्या झाडाला पाणी मिळाले की नाही, हे पाहण्यासाठी कोणीतरी बांधावरून चालत जावे लागते. ग्रंथालय शंभर वर्षे तेच करत आले आहे.