दगडाला साल कोणी सांगितलं?



घराण्याचा शोध घेणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. पणजोबांच्या थडग्यावर एक साल आहे, चर्चच्या वहीत दुसरंच, मग खरं कुठलं धरायचं? त्यांना मी सांगते, सालाची निवड एवढ्यात करू नका. ते साल कोणी सांगितलं आणि केव्हा सांगितलं, हे आधी शोधा.

थडग्यावरचा दगड माणूस गेल्याबरोबर उभा राहत नाही. माती बसावी लागते, पैसे जमावे लागतात. पुष्कळदा नवरा आधी जातो, बायको वीस-पंचवीस वर्षांनी जाते, आणि मुलं दोघांच्या नावाचा एकच दगड बसवतात. म्हणजे १८९३ साली गेलेल्या माणसाची माहिती १९२१ साली कोरली जाते. सांगणारा मुलगा वडील गेले तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल, तर त्याला वडिलांचं वय कसं ठाऊक असणार? त्यानं ते आईकडून, नाहीतर काकांकडून ऐकलेलं. म्हणून दगडासमोर उभं राहिलात की आधी अक्षरांकडे बघा. दोन्ही नावं एकाच हातानं कोरलेली आहेत का? दोन्हींची झीज सारखी आहे का? तसं असेल तर पहिल्या नावाखालची तारीख आठवणीतून आलेली आहे, असं धरून पुढे चला.

आता एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक, पण गुंता नेहमी आढळणारा. समजा, वसईकडच्या एका चर्चच्या आवारात दगड आहे. मृत्यू १२ मार्च १८९३, वय ४५. चर्चच्या दफनाच्या वहीत त्याच नावापुढे १३ मार्च आहे आणि वय ४२. एका दिवसाच्या फरकानं घाबरू नका. दगडावर मृत्यूचा दिवस असतो, वहीत पुष्कळदा पुरल्याचा, आणि आपल्या हवेत दफन दुसऱ्या दिवसापलीकडे सहसा जात नसे. वयाचा फरक मात्र सोडवायला हवा. बाप्तिस्म्याची वही उघडली, तर त्या आईबापांच्या त्या नावाच्या मुलाची नोंद १८५० च्या नोव्हेंबरात सापडते. कॅथलिक घरांत बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होई, तेव्हा ४२ बरोबर जुळतं.

इथं बरेच जण वही मिटतात. तुम्ही मिटू नका, आणखी मागे जा. १८४७ साली त्याच आईबापांच्या, त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडतो. दोन मुलांना एकच नाव? पहिलं मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती. मग १८४७ ते १८५० मधल्या दफनांच्या नोंदी चाळा. तिथं दोन वर्षांच्या मुलाचं दफन मिळालं, तर सगळा उलगडा होतो. घरच्यांच्या आठवणीत थोरल्याचं जन्मसाल राहिलं होतं, ते धाकट्याच्या दगडावर जाऊन बसलं. ते दफन मिळालं नाही, तर मात्र प्रश्न उघडा ठेवावा लागेल, कारण त्या नावाचे दोन भाऊ जगलेही असतील.

वयाबद्दल आणखी एक. "वयाच्या ४५ व्या वर्षी" असं कोरलेलं असेल, तर पूर्ण झालेली वर्षं ४४. जन्मसाल काढताना हा एक वर्षाचा घोळ फार होतो. आणि वय ५०, ६०, ७० असं गोल आकड्यात दिसलं की ते अंदाजानं सांगितलेलं असण्याचा संभव मोठा.

अनेकजण मला अभिमानानं कळवतात, दगड आणि वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी तंतोतंत जुळली, आता शंका नाही. पण बातमी देणारा आणि दगड बसवणारा एकच मुलगा असेल, तर दोन कागद मिळूनही साक्षीदार एकच. बाप्तिस्म्याची, लग्नाची, नोकरीची, पेन्शनची अशी त्या माणसाच्या हयातीतली नोंद मिळेल तेव्हाच दुसरी साक्ष मिळाली असं म्हणावं.

कोकणात अलिबाग, पेण, पनवेलकडच्या बेने इस्रायली ज्यूंच्या दफनभूमींत हे काम विशेष नाजूक होतं. दगडावर मराठी असते, हिब्रू असते, कधी इंग्रजीही. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात आणि वर्षातले हजार बहुधा गाळतात. ६४५ असं वाचलंत तर त्यात १२४० मिळवा, १८८५ येईल. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वर्ष कमी करायचं. अडचण याच्या पुढे आहे. पाच आकड्याचं अक्षर 'हे' आणि आठचं 'खेत', यांच्यात एका लहानशा फटीचा फरक. चारचं 'दालेत' आणि दोनशेचं 'रेश' एका कोपऱ्यानं वेगळी. ज्या पाथरवटाला हिब्रू येत नव्हतं, तो कागदावरचा आकार बघून कोरत गेला. फट बुजली की ६४५ चे ६४८ होतात, तीन वर्षांचा फरक पडतो. हे पावसानं आणि शेवाळानंही होतं. अशा दगडावर मराठी तारीख असेल तर ती हिब्रूशी ताडून बघा. दोन्हींत एकाच दिवसाचा फरक असला तर ती चूक समजू नका. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्री गेलेल्या माणसाची हिब्रू तिथी पुढच्या दिवसाची येते. मुसलमानी कबरींवरच्या हिजरी तारखांनाही हाच नियम. शके कोरलेला असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९.

जुन्या इंग्रजी दगडांवर तर वर्षच वेगळ्या दिवशी सुरू होतं. कोलकात्यात सेंट जॉन्स चर्चच्या आवारात ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चारनॉक याची कबर आहे. लॅटिन लेखात मृत्यूचा दिवस १० जानेवारी १६९२ आहे. पण इंग्रजांचं वर्ष त्या काळी २५ मार्चला बदले, म्हणून आपल्या हिशेबानं ते साल १६९३. ही रीत १७५२ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी त्यांनी पंचांगातले ११ दिवस गाळले. पोर्तुगीजांनी मात्र पंचांगाची ही सुधारणा १५८२ सालीच केली होती. त्यामुळे मुंबई इंग्रजांकडे आणि वसई पोर्तुगीजांकडे असताना खाडीच्या दोन काठांवर एकाच दिवसाच्या दोन तारखा होत्या. सतराव्या शतकात दहा दिवसांचं अंतर, १७०० नंतर अकरा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याआधीची दोन्हीकडची नोंद एकत्र लावताना हे अंतर आधी वजा करा.

नाव आहे म्हणजे माणूस तिथंच पुरलेला आहे, असंही धरू नका. पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत १९१४ ते १९१८ चं एक स्मारक आहे. त्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं आहेत. त्यांच्या खऱ्या कबरी भारत-पाकिस्तानातल्या निरनिराळ्या गावांत आणि छावण्यांत होत्या. तिथं देखभाल शक्य राहिली नाही, म्हणून नावं इथं कोरली. उलट मुंबईत आणि गोव्यात जागेची टंचाई, त्यामुळे काही वर्षांनी अस्थी काढून तीच जागा दुसऱ्याला देतात. दगड नाही म्हणून माणूस त्या गावचा नाही, असं ठरवू नका. चर्चची वही बघा.

या नोंदी मिळतात कुठे? चर्चच्या वह्या पुष्कळ ठिकाणी चर्चमध्येच आहेत. गोव्यातल्या जुन्या वह्यांसाठी पणजीच्या पुराभिलेखागारात विचारा. तिथली सरकारी जन्म-मृत्यू नोंद १९१४ पासूनची. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी पाद्र्यांनी लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नकला १७०९ पासूनच्या आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीत ठेवल्या आहेत. त्या नकला आहेत, हे विसरू नका. उतरवून घेताना नावं बदलतात, ओळी गळतात. आपल्याकडे जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कायदा १८८६ चा, पण देशभर सक्ती आली ती १९६९ च्या कायद्यानं. त्याआधीची नोंद मिळाली नाही तर घटना घडलीच नाही, असं म्हणता येत नाही.

दगड वाचायला सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उजेडात खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. ऊन नसेल तर विजेरी बाजूनं धरा. खडू घासू नका, अ‍ॅसिड लावू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. संगमरवर एकदा खरवडला की पुढच्या माणसाला वाचायला काही उरत नाही. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही तिथल्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन. शेजारच्या चार-पाच दगडांचेही फोटो घ्या. सासरमाहेरची माणसं पुष्कळदा तिथंच भेटतात, आणि नातं सांगण्यात दगडाइतकी चांगली साक्ष वहीही क्वचितच देते.

मजकूर उतरवताना ओळीला ओळ ठेवा, चूक दिसली तरी सुधारू नका, न लागलेल्या अक्षराजागी टिंब द्या. ३ आणि ८, १ आणि ७ यांत शंका असेल तर दोन्ही वाचनं लिहून ठेवा. मग वंशावळीत त्या माणसासमोर दगडाचं साल, वहीचं साल आणि तुम्ही धरलेलं साल अशी तिन्ही नोंदवा, आणि ते का धरलं हे दोन ओळींत लिहा. उद्या तुमच्या नातवाला तिसरी वही सापडली, तर तुमचा निर्णय कुठे बदलायचा हे त्याला लगेच कळेल.