अकरा जण, पण तिकिटं आठच

दिवाळीची सुट्टी, आत्या-काकांसकट घरात अकरा डोकी, आणि सगळ्यांना पार्कला जायचंय. बजेट कुठे फुटतं? जे राइडवर चढणारच नाहीत, त्यांच्या तिकिटांत.

इमॅजिका मस्तच आहे, पण भाईंदरहून खोपोलीपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं, वर टोल. त्यापेक्षा आपल्या बाजूचं गोराईचं वॉटर किंगडम बघा. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याने गाडी थेट जाते, बोटही लागत नाही. आणि शेजारीच आहे ग्लोबल विपश्यना पॅगोडा, २००९ मध्ये उद्घाटन झालेला. घुमटाखाली ८,००० माणसं बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही! प्रवेश मोफत.

"माझ्यावर कशाला खर्च, मी घरीच थांबते," असं आजी म्हणतेच ना? इथे ती स्वतःसाठी येते, आपल्या बॅगा राखायला नाही. आजी-आजोबा पॅगोडात, सोबत एक मोठं माणूस. ते कोण, हे आदल्या दिवशीच ठरवा. आणि ती आई असेल असं धरून चालू नका हं. आईला स्लाइडवर पाठवा, बाबांना पॅगोडात.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे पुरी-भाजी गेटबाहेरच संपवा. नायलॉनचे कपडे घरूनच न्या. भाऊबीजेनंतरचा मधला वार धरा. आणि बारक्याची उंची मोजून ठेवा. अशा पार्कांत लहानांचं तिकीट बहुतेक वयावर नाही, उंचीवर ठरतं.