कातडीची वीण
(पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)

 

नवी चप्पल चावली की टाचेवर पाण्याचा फोड येतो. एरवी घट्ट असलेल्या कातडीत त्या पाण्याला जागा कशी मिळते?

आपली बाह्यत्वचा पेशींच्या अनेक थरांची बनलेली आहे. या पेशी नुसत्या एकमेकींना चिकटवलेल्या नसतात, तर टिचबटणांनी जोडलेल्या असतात. अर्धे बटण या पेशीचे, अर्धे शेजारणीचे. शास्त्रात त्याला डेस्मोसोम म्हणतात. इटलीचे बिझोझेरो यांना एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली हे ठिपके दिसले होते. आतली रचना मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर कळली. बटण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, पण पेशीच्या आतून ते केराटिनच्या धाग्यांनी पक्के शिवलेले असते. नखे आणि केसही केराटिनचेच. त्यामुळे कातडी ओढली तरी ताण साऱ्या थरावर वाटला जातो. दोन अर्ध्या बटणांची पकड डेस्मोग्लीन या प्रथिनाची, आणि तिला कॅल्शियम लागते. (कॅल्शियम फक्त हाडांसाठी, असे उत्तरपत्रिकेत लिहू नका!) पेशी वरच्या थराला पोचून मेली की शरीर स्वतःच ही बटणे तोडते, आणि ती मळाबरोबर निघून जाते.

चपलेच्या घर्षणाने मधला थर फाटतो व पोकळीत द्रव भरतो. तो फोड फोडू नये. चार दिवसांत बरा होतो.

पण घर्षणावाचूनही वीण उसवते. पेम्फिगस नावाच्या रोगात रक्तातील प्रतिपिंडे, जी जंतूंशी लढायची, तीच डेस्मोग्लीनवर हल्ला करतात. बहुधा प्रथम तोंडात न भरणारे व्रण होतात, मग अंगावर मोठे फोड येऊन कातडी सोलवटते. अशा माणसाचे ताट-पेला वेगळे ठेवलेले आपण पाहतो. त्याच्या मुलांशेजारी आपल्या मुलाला बसू देत नाहीत. देवीच्या साथी पाहिलेल्या पिढीची धास्ती मी समजू शकतो, पण १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळलेला नाही. कांजिण्यांचे फोड संसर्गजन्य आहेत, हे खरे. पेम्फिगसमध्ये मात्र जंतूच नाही, मग लागण कशाची होणार? त्याच्या ताटात जेवा, त्याच्याशी मुसाफा करा, काही होणार नाही.

दुआ जरूर करावी, परंतु झाडपाल्याच्या लेपात महिने घालवू नयेत. उघड्या कातडीतून जंतू शिरतात आणि माणूस त्याने दगावतो. स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या सुमारापर्यंत, बहुतेक रोगी वाचत नसत. आज बहुतेक वाचतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. पसरिचा यांनी ठरावीक अंतराने शिरेतून मोठी मात्रा देण्याची पद्धत १९८४ मध्ये प्रसिद्ध केली, व ती देशभर वापरली गेली. उपचार दीर्घकाळ चालतो. फोड सुकले म्हणून गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्या कशा कमी करायच्या ते त्वचारोगतज्ज्ञच सांगतील.