रुतणारं क्लच पेडल

तुळजापूरचा घाट, पुढे गर्दी, मिनिटामिनिटाला क्लच. आणि पेडल खरखरतं किंवा खालीच रुतून बसतं. लगेच क्लचप्लेटचा खर्च मनात धरू नका. आधी पायाखालची मॅट बघा. हसू नका, पुष्कळदा तीच अडकलेली असते!

गाडी केबलवाली असेल, तर इंजिन बंद करून केबलची दोन्ही टोकं, गिअरबॉक्सकडचं आणि पेडलकडचं, सोडवा आणि पेडल हातानं हलवा. तरीही खरखर? मग पेडलचा बुश कोरडा पडलाय. साफ करून ग्रीस लावा. पेडल मोकळं चाललं, तर केबल हातानं ओढून बघा. आपल्याकडच्या फुफाट्यात ती आतून घासते, तारा तुटू लागतात. अशा केबलला तेल पाजत बसण्यापेक्षा नवी टाकलेली बरी. ती बसवल्यावर पेडलची ढील कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे लावून घ्या. केबलही चांगली निघाली, तर दोष गिअरबॉक्सकडच्या फोर्कमध्ये किंवा रिलीज बेअरिंगमध्ये. ते काम मिस्त्रीचंच.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल खालीच राहिलं, तर ऑइलची पातळी आणि गळती तपासा. त्यात इंजिन ऑइल मात्र कधीच ओतू नका. रबरी सील फुगतात.