सही कुणाची, फोटो कुणाचा



पर्यावरणाची बाजू घेणाऱ्या नेत्या-अभिनेत्यांचा ढोंगीपणा पकडणं आपल्याकडे फार सोपं झालंय. अमका विमानाने हवामान परिषदेला गेला, तमकीच्या बंगल्यात दहा एसी, झाली बातमी. असल्या बातम्यांत मला रस नाही. मोठ्या गाडीतून फिरणारा माणूस एखादा डोंगर वाचवू शकतो, आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवून डोंगर खाणीला देणारेही आपण पाहिलेत. मी बघतो ती सही: कुठल्या कागदावर केली, कुठल्यावर टाळली.

पश्चिम घाटाचंच घ्या. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली, घाट कसा वाचवायचा हे सांगायला समिती नेमली. २०११च्या ऑगस्टअखेर अहवाल मंत्रालयाच्या हाती पडला, आणि तिथेच राहिला. माहिती अधिकारात मागितला तरी मिळेना. केंद्रीय माहिती आयोगाने तो जाहीर करा म्हटलं, तर मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे हरल्यावर २०१२च्या मे महिन्यात तो लोकांना वाचायला मिळाला. आपणच मागवलेला अहवाल आपणच दडवायचा, आणि दर ५ जूनला पर्यावरण दिनही थाटात साजरा करायचा!

गाडगीळांचं म्हणणं होतं, हे अंतिम समजू नका, ग्रामसभांपुढे न्या. सिंधुदुर्गातल्या काही गावांनी तर आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. पण घाटभर प्रचार झाला तो उलटा: घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत. हे सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी अहवाल उघडला होता, देव जाणे. मग त्या अहवालाचा फेरविचार करायला मंत्रालयाने नेमलेला, कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालचा गट आला. गाडगीळांनी सबंध घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले होते. या गटाने २०१३ साली ते क्षेत्र ३७ टक्क्यांवर आणलं. तेही राज्यांना जड झालं. २०१४पासून हे क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे नुसते मसुदे निघत राहिले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ला, केरळातल्या वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. या दहा वर्षांत सरकारं बदलली, पक्ष बदलले. विरोधात असताना सह्याद्रीसाठी गळा काढणारे सत्तेत आले, की आणखी थोडी मुदत मागायचे. एका पक्षाला झोडपून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

वृक्षारोपणाचा सोहळा आपण सगळ्याच पत्रकारांनी कव्हर केलाय. खड्डा आदल्या दिवशी खणलेला, भोवती रांगोळी. साहेब झारीतून पाणी घालतात, कॅमेऱ्याकडे बघत. शेजारच्या टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या. ट्री गार्डवर साहेबांचं नाव ठळक, झाडाचं नाव कुठेच नाही. आणि झाड बहुधा गुलमोहर, जो मूळचा मादागास्करचा.

या सोहळ्याला आपण पाव पान देतो, आणि त्याच साहेबांनी कुठल्या खाणीची शिफारस केली, कुठल्या बैठकीत तोंड उघडलं नाही, हे आतल्या पानावरही येत नाही. ढोंग त्यांचं खरं, पण ते छापून घरोघरी पोचवतो आपण. बैठकांची इतिवृत्तं मागवली तर बहुधा मिळतात. कंटाळवाणी असतात, पण कोण काय बोललं ते त्यांत असतं.

म्हणून एकच विनंती करतो. येत्या ५ जूनला साहेबांचा फोटो छापण्याआधी त्यांच्या गेल्या वर्षीच्या खड्ड्यापर्यंत जाऊन या, आणि तिथे जे दिसेल त्याचाही फोटो शेजारी छापा.